कोतोने कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा: टोकियोच्या 'कचरा युद्धा'चा अभ्यास

मे १९७३. टोकियोच्या पूर्वेला, खाडीकाठच्या कोतो वॉर्डात कचऱ्याच्या गाड्या अडवायला माणसे रस्त्यावर उतरली होती. पुढे होते खुद्द कोतोचे वॉर्डप्रमुख, सोबत वॉर्डाच्या सभेचे सदस्य. त्यांना सगळ्या गाड्या अडवायच्या नव्हत्या. शहराच्या पश्चिमेकडच्या सुगिनामी वॉर्डातून आलेली गाडी तेवढी माघारी पाठवायची, असे ठरले होते. सुगिनामीत कचरा उचलणे थांबले आणि त्या टापटीप वस्तीच्या गल्ल्यांत ढीग साचू लागले. उन्हाळा तोंडावर होता.

आपल्याकडे जपानच्या स्वच्छतेचा विषय निघाला की बोलणे लवकरच 'संस्कारां'वर येते. १९९८च्या विश्वचषकापासून जपानी प्रेक्षक सामना संपल्यावर स्टेडियम झाडून निघतात, शाळेत मुले वर्ग स्वतः पुसतात, रस्त्यावर कचरापेटी नसली तरी कागदाचा कपटा दिसत नाही. हे सगळे खरे आहे. पण संस्कार हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि आपल्यासाठी सोयीचेही. एकदा 'त्यांच्या रक्तातच आहे' म्हटले की आपल्याला करण्यासारखे काही उरत नाही. शिवाय टोकियोतल्या याच लोकांच्या आईवडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी एकमेकांच्या दारात कचरा कुजू दिला होता. तेव्हाही मुले शाळेत वर्ग पुसतच होती. मग मधल्या काळात बदलले काय? ते समजून घ्यायला १९७१ ते १९७४ या काळातल्या या एका भांडणाइतके चांगले प्रकरण मला दुसरे माहीत नाही.

कचरा कोतोकडेच का जाई

शहराचे नाव एदो होते तेव्हापासूनची ही वहिवाट. १६५५ मध्ये शोगुनच्या प्रशासनाने हुकूम काढला की कचरा नदी-कालव्यांत टाकायचा नाही, होडीतून एइताई नावाच्या भागात न्यायचा. हा भाग आजच्या कोतोत येतो. सखल दलदल, समोर समुद्र, कचऱ्याने भराव घातला की जमीन तयार होते. प्रशासनाच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते, आणि पुढची तीनशे वर्षे कुणी तो हिशेब पुन्हा मांडला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहर फुगले आणि कचराही फुगला. १९५७च्या अखेरीस कोतोसमोरच्या युमेनोशिमा बेटावर कचरा टाकायला सुरुवात झाली. या नावाचा अर्थ स्वप्नांचे बेट. युद्धापूर्वी तिथे विमानतळ करायचा बेत होता, युद्धानंतर काही काळ लोक तिथे समुद्रस्नानाला जात. आता तिथे न जाळलेला, ओला, कुजणारा कचरा येऊ लागला. जाळण्याचे कारखाने शहरात होते, पण थोडे. निम्म्याहून जास्त कचरा जसाच्या तसा भरावात जाई.

ऑक्टोबर १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झाले. त्याआधीची काही वर्षे रस्ते साफ करण्याची मोठी मोहीम चालली. घरांपुढच्या लाकडी आणि सिमेंटच्या उघड्या कचराकुंड्या गेल्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्या आल्या, ठरलेल्या वारी गाडी येऊ लागली. पाहुण्यांनी शहराचे कौतुक केले. मात्र या सुधारणेने कचरा गल्लीतून फक्त उचलला होता. पुढच्याच उन्हाळ्यात, १९६५च्या जून-जुलैत, युमेनोशिमावरून माशांचे थवे उठले आणि वाऱ्याबरोबर कोतोच्या दक्षिण भागात शिरले. घरांत, शाळेच्या वर्गांत, जेवणाच्या ताटांवर माश्या. फवारणीने काही होईना, तेव्हा बेटावरचा कचरा तेल ओतून पेटवण्यात आला. ऑलिंपिकच्या साफसफाईची ही दुसरी बाजू होती आणि ती फक्त एका वॉर्डाच्या वाट्याला आली.

माश्या गेल्या, गाड्या तशाच राहिल्या. रोज सुमारे ५,००० गाड्या कोतोतून जात. सांडणारे पाणी, वास, वाहतुकीची कोंडी. युमेनोशिमा भरल्यावर त्यापुढे नवे युमेनोशिमा भरायला घेतले. ते बंद करण्याची वेळ आली तेव्हा, १९७१ मध्ये, महानगर सरकारने कोतोकडे मुदतवाढ मागितली.

कोतोचा प्रश्न

कोतोने नुसता नकार दिला असता तर हे प्रकरण जगात कुठेही घडते तसेच घडले असते. त्यांनी वेगळे काही केले. महानगर सरकारला आणि बाकीच्या सर्व वॉर्डांना त्यांनी जाहीर प्रश्नपत्र पाठवले. तुमचा कचरा तुमच्याच हद्दीत निस्तरायला तुम्ही तयार आहात का? नसाल तर आम्हीच का निस्तरायचा? आपल्या वॉर्डाचा कचरा आपल्या वॉर्डात, हे तत्त्व त्यांनी चव्हाट्यावर मांडले. मला हा या प्रकरणातला सर्वांत हुशार डाव वाटतो. तोवर कोतोची तक्रार ही एका वस्तीची रड होती. आता प्रत्येक वॉर्डाला लेखी उत्तर द्यायचे होते.

गव्हर्नर होते रियोकिची मिनोबे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर १९६७ मध्ये निवडून आलेले. २८ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांनी महानगर सभेत 'कचरा युद्ध' पुकारले. ज्या वॉर्डांत जाळण्याचा कारखाना नाही तिथे तो उभारायचा, हा कार्यक्रम ठरला. अडचण अशी की मिनोबे लोकसंवादाचे पुरस्कर्ते होते. एकाही रहिवाशाचा विरोध असेल तर पूल बांधू नये, अशा अर्थाचा विचार ते मांडत आले होते. आता कारखान्याला विरोध करणारेही रहिवासीच होते आणि कारखाना नसल्याने सोसणारेही.

सुगिनामीची बाजू

सुगिनामी म्हणजे शिक्षक, नोकरदार, लेखक, सुस्थितीतल्या कुटुंबांची वस्ती. तिथल्या ताकाइदो भागात कारखाना होणार, हे १९६६ मध्ये सरकारने ठरवून टाकले. आधी कुणाला विचारले नाही. जमीनमालकांना आणि शेजाऱ्यांना निर्णय झाल्यावर कळले. धुराची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. त्या दशकात जपानी शहरांचे आकाश काळवंडलेले असे, १९७० मध्ये संसदेला प्रदूषणावर खास अधिवेशन घेऊन एकाच वेळी १४ कायदे करावे लागले होते. सुगिनामीच्या लोकांना स्वार्थी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ज्या सरकारने कारखाना न विचारता लादला त्याच सरकारच्या 'धूर निरुपद्रवी असेल' या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटाजवळ हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख 'दाइगो फुकुर्यु मारू' या जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ जणांवर पडली. त्यानंतर अणुबॉम्बविरोधी सह्यांची मोहीम सुगिनामीतच, घराघरांतल्या स्त्रियांनी, जोमाने उभी केली. ती देशभर पसरून सह्या तीन कोटींच्या वर गेल्या. नौका पुढे काही वर्षे प्रशिक्षणासाठी वापरली गेली आणि १९६७ मध्ये मोडीत निघाली. तिचा सांगाडा येऊन पडला तो युमेनोशिमाच्या कचऱ्यात. ज्या नौकेसाठी सुगिनामी उभी राहिली, ती सुगिनामीचा कचरा जिथे जाई तिथेच कुजत होती. सुगिनामीचे लोक समाजाची चाड नसलेले नव्हते. दारातून गाडी निघाली की कचरा कुठे जातो हे त्यांना दिसत नव्हते, आणि जे दिसत नाही त्याची लाज वाटत नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये ठिणगी पडली. वर्षअखेरीस टोकियोत घरे झाडायची रीत आहे, तेव्हा कचरा एकदम वाढतो. कारखाना नसलेल्या वॉर्डांत तो काही दिवस ठेवायला तात्पुरत्या जागा कराव्यात, असे ठरले. सुगिनामीत त्यालाही स्थानिकांनी हरकत घेतली. कोतोचा संयम संपला आणि त्यांनी सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. तो पेच लवकर सुटला. नंतर पर्यायी जागांच्या चर्चेत महिने गेले, विरोधकांनी बैठक होऊ दिली नाही, आणि मे १९७३ मध्ये कोतो पुन्हा रस्त्यावर उतरला. या वेळी सुगिनामीच्या लोकांना आपलाच कचरा आपल्या दारात दिवसेंदिवस बघावा लागला.

तडजोड

पर्याय तपासून झाल्यावर निवड पुन्हा ताकाइदोवरच आली. सरकारने सक्तीच्या भूसंपादनाची कारवाई पुढे नेली, पण शेवट सक्तीने झाला नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये न्यायालयासमोर दोन्ही बाजूंनी समझोता केला. त्यात रहिवाशांना मिळाले ते असे: प्रदूषणाच्या कडक मर्यादा आधीच लिहून घेतल्या गेल्या, आणि कारखाना बांधताना व चालवताना रहिवाशांचा सहभाग ठरला, त्यांची बाजू ऐकणारी समिती आली. जाळल्याची उष्णता वाया न घालवता शेजारच्या सामुदायिक केंद्राला आणि पोहण्याच्या तलावाला द्यायचे ठरले. तो गरम पाण्याचा तलाव आजही चालतो.

१९८२च्या डिसेंबरात कारखाना पूर्ण झाला. जागा जाहीर झाल्यापासून सोळा वर्षे. चिमणी १६० मीटरची. पुढे तो पाडून २०१७ मध्ये नवा बांधला गेला आणि त्याच इमारतीत कचरा युद्धाचा इतिहास सांगणारे छोटे प्रदर्शन केले आहे. आपल्या विरोधाचा इतिहास विरोध झालेल्याच कारखान्यात जपून ठेवणे, यात मला त्या तडजोडीचा खरेपणा दिसतो. कुणाचा पराभव झाल्याचे तिथे लपवलेले नाही आणि मिरवलेलेही नाही.

त्यानंतर शहराच्या मध्यवस्तीत असे कारखाने उभे राहिले. इकेबुकुरोच्या गजबजाटात तोशिमा कारखान्याची २१० मीटरची चिमणी आहे, शिबुया स्थानकापासून थोड्या अंतरावर २००१ पासून एक कारखाना चालू आहे. युमेनोशिमावर उद्यान झाले. तिथल्या उष्णकटिबंधीय वनस्पतींच्या काचघराला शेजारच्या नव्या कोतो कारखान्याची उष्णता मिळते. 'दाइगो फुकुर्यु मारू' एका वाचकाच्या वृत्तपत्रातल्या पत्रामुळे वाचली, १९७६ पासून ती तिथल्याच प्रदर्शन दालनात आहे. २०२१ मध्ये ऑलिंपिकची तिरंदाजी या उद्यानात झाली.

रस्त्यावरची शिस्त कुठून आली

आता आजच्या टोकियोतली एक सामान्य सकाळ घेऊ. बहुतेक गल्ल्यांत कचरा ठेवायची एक ठरलेली जागा असते. जळणारा कचरा ठरावीक वारी, न जळणारा ठरावीक वारी, बाटल्या-डबे-कागद वेगळ्या वारी, पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पिशवीत, सकाळी आठपर्यंत. रात्रीच ठेवला तर कावळे फाडतात, म्हणून वरून जाळी टाकायची. अनेक ठिकाणी ती जागा झाडायची पाळी शेजाऱ्यांत फिरते. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सफाई कर्मचारी उचलत नाहीत, कारण लिहिलेली चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवतात. पिशवी पारदर्शक असल्याने ती कुणाची ते शेजाऱ्यांना बहुधा कळते. शाळेत चौथीच्या अभ्यासात कचऱ्याचा धडा असतो आणि मुलांना जाळण्याचा कारखाना दाखवायला नेतात. कोतोत आणि शेजारच्या एदोगावा वॉर्डात, विशेषतः निशिकासाईत, आज पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात, त्यांत मराठीही आहेत. त्यांनाही वॉर्ड कार्यालयातून हेच वेळापत्रक मिळते आणि काही आठवड्यांत ते अंगवळणी पडते. वंशाचा किंवा रक्ताचा प्रश्न असता तर ते पडले नसते.

रस्त्यावरच्या कचरापेट्या पुष्कळशा गेल्या त्या २० मार्च १९९५ नंतर. त्या दिवशी ओम शिनरिक्यो पंथाने भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला आणि सुरक्षेसाठी सार्वजनिक जागांतल्या पेट्या बंद करण्यात आल्या. पेट्या गेल्या आणि रस्ते घाण झाले नाहीत, याचे सगळ्यांना नवल वाटते. पण तोवर वीस वर्षे लोकांना घरच्या कचऱ्याचे वेळापत्रक, वर्गीकरण आणि त्याची वाट ठाऊक झाली होती. हातातला कागद घरी नेला तर त्याला तिथे ठरलेली जागा होती. जिथे घरी नेलेल्या कचऱ्याचेही पुढे काय होते याचा भरवसा नाही, तिथे पेट्या काढून बघा.

आणि टोकियोचा माणूसही संधी मिळाली की कचरा टाकतो. सिगारेटची थोटके वर्षानुवर्षे टाकली जात होती, आवाहनांचा उपयोग होत नव्हता. शेवटी चियोदा वॉर्डाने २००२ मध्ये नियम करून रस्त्यात सिगारेट ओढणाऱ्याला २,००० येन दंड लावला आणि तो वसूल करायला माणसे नेमली. शिबुयात हॅलोविनच्या रात्री जमणारी गर्दी मागे किती घाण ठेवते याची छायाचित्रे दरवर्षी छापून येत, पुढे तिथे रस्त्यावर दारू पिण्यावर बंदी आली. ती गर्दी बाहेरून आलेली असते, त्या गल्लीत तिची कचरा ठेवायची जागा नसते, पाळी नसते, शेजारी नसतो.

हेच भांडण इतरत्र कसे गेले ते पाहिले की फरक कळतो. इटलीतल्या नेपल्स परिसरात १९९४ मध्येच कचऱ्याची आणीबाणी जाहीर झाली होती. जानेवारी २००८ मध्ये पियानुरातला बंद डेपो पुन्हा उघडायला निघताच लोक रस्त्यावर उतरले, शहरात ढीग साचले, सैन्य बोलावले गेले आणि कचरा आगगाडीने जर्मनीला पाठवण्यात आला. अचेराचा जाळण्याचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, तरी २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने इटलीला २ कोटी युरो दंड आणि वर रोजचा १,२०,००० युरो दंड केला. नेपल्सच्या लोकांना स्वच्छता आवडत नाही असे कोण म्हणेल? त्यांच्या घरातली फरशी लख्ख असते. तिथे माफियांचा धंदा होता, सरकारवर विश्वास नव्हता, आणि ओझे वाटून घेण्याचा प्रश्न कोतोसारखा उघडपणे कुणी सोडवला नाही.

पुण्याच्या वाचकाला एव्हाना उरुळी देवाची आणि फुरसुंगी आठवली असेल. त्या गावांनी दशकानुदशके शहराचा कचरा सोसला, विहिरींचे पाणी नासले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ गाड्या अडवल्या आणि पुण्यात कचरा साचला. मागणी तीच होती जी कोतोची होती. दुसरीकडे बाणेरमध्ये वस्तीजवळच्या प्रकल्पाला रहिवाशांनी विरोध केला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२४ मध्ये न्यायालयाने तो प्रकल्प हलवण्याचा हरित लवादाचा आदेश रद्द केला. बाणेरचे लोक ताकाइदोच्या जागी आहेत, फुरसुंगीचे कोतोच्या. पण कोतोकडे जे होते ते फुरसुंगीकडे नव्हते. गाडी कोणत्या भागातून आली ते कोतोला विचारता येई आणि त्याच भागाचे दार बंद करता येई. फुरसुंगीने अडवली ती अख्ख्या पुण्याची गाडी, त्यामुळे घरी कचरा जिरवणारी सोसायटी आणि काहीच न करणारी सोसायटी एकाच रांगेत उभी राहिली. प्रभागवार कचऱ्याचा जाहीर हिशेब असता तर त्या तीन आठवड्यांत शहरातले बोलणे वेगळे झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

जे सुटले नाही

टोकियोच्या यशाला मर्यादा आहेत. प्रत्येक वॉर्डात कारखाना हे तत्त्व पूर्ण झाले नाही. चियोदा, शिंजुकु, ताइतो अशा वॉर्डांत आजही एकही नाही, आणि कचऱ्याचे प्रमाण घटू लागल्यावर २००३ मध्ये वॉर्डप्रमुखांनी नवे कारखाने न बांधण्याचे ठरवले. कोतोत मात्र दोन कारखाने आहेत, त्यातला एक दिवसाला १,८०० टन जाळू शकतो. शिवाय जपानमध्ये घरगुती कचऱ्यातला पुनर्वापराचा वाटा २० टक्क्यांच्या आसपासच अडकला आहे, बाकीचा बहुतेक जळतो. एकेक केळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकणाऱ्या देशाचा रस्ता लख्ख असणे आणि त्याचा कचरा कमी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

राख खाडीतल्या भरावात जाते. या भरावाने तयार झालेल्या जमिनीवर हक्क कुणाचा यावर कोतो आणि ओता वॉर्ड पुढे कित्येक वर्षे भांडले. कचऱ्याचा त्रास आम्ही सोसला म्हणून जमीन आमची, असे कोतोचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने ७९.३ टक्के कोतोला आणि २०.७ टक्के ओताला दिली, आणि दोन्ही वॉर्डांनी निकाल स्वीकारला. सध्याचा भराव हा खाडीतला शेवटचा मानला जातो, त्यानंतर टोकियोला तिथे जागा नाही. म्हणून २३ वॉर्डांची संयुक्त संस्था आता काही राख सिमेंट कारखान्यांना कच्चा माल म्हणून देते, आणि वॉर्ड कार्यालये प्लास्टिक वेगळे गोळा करण्याची नवी वेळापत्रके घरोघर वाटत आहेत.